८७ नंबरचं बॅरल

१२ फेब्रुवारी २००५, शनिवार

आज चक्क रेंजवर मराठी बोलले! जमिनीवर पालथी पडून नववी गोळी मारत होते आणि मागे आमच्या क्लबचा सेक्रेटरी जेफ कुणाला तरी सांगत होता, "आमच्याकडे एक इंडियन लेडी आहे, ती बघेल." माझा विषय निघाला म्हणून लक्ष गेलं आणि नववी गोळी सातात लागली.

दारात साठीपुढच्या एक बाई उभ्या होत्या. सलवार-कमीजवर जाड कोट, हातात कागदांचा फोल्डर. मला बघून म्हणाल्या, "मराठी का गं तू?"

सुहासिनी देवस्थळी. यजमान डॉ. कमलाकर देवस्थळी ओल्नीला सव्वीस वर्षं जीपी होते. मिल्टन कीन्सपासून वीस मिनिटांवर ओल्नी, आणि आम्ही दोन वर्षांत हे नावही ऐकलं नव्हतं. आठ जानेवारीला डॉक्टर गेले. घरात त्यांची एक रायफल आहे. काकूंच्या नावाने लायसन्स नाही, म्हणून पोलिसांनी १५ एप्रिलपर्यंतचं तात्पुरतं परमिट दिलंय. तोवर विकायची, डीलरकडे जमा करायची, नाहीतर पोलीस नेऊन वितळवणार.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या. "किंमत काय येईल, एवढं बघून सांगशील?"

मी हो म्हणून मोकळी झाले. कॉलेजात एनसीसीत नागपूरच्या टीमकडून नेमबाजी केली, त्यानंतर नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग. गेल्या वर्षी या क्लबात आले आणि डिसेंबरात माझं स्वतःचं फायरआर्म सर्टिफिकेट आलं. त्यावर पॉइंट टूटूच्या, म्हणजे नेमबाजीच्या बारीक गोळीच्या, एका रायफलीची जागा मंजूर आहे, ती अजून रिकामी. क्लबच्या रायफली सगळ्या सहा फुटी इंग्रजांच्या मापाच्या. मी पाच फूट एक इंच.

१३ फेब्रुवारी, रविवार

काय चीज आहे!

फ्रॉगॅट नावाच्या बर्मिंगहॅमच्या एका छोट्या कारागिराची रायफल, नंबर ८७. एका वेळी एकच गोळी. मधोमध मोडायची, गोळी ठेवायची, मिटायची. पण खरी गंमत पुढे आहे. पुढच्या लाकडी पकडीचा एक स्क्रू काढला, बिजागरीची पिन ढकलली, की आख्खं बॅरल, म्हणजे नळीच, हातात येते आणि दुसरं बसवता येतं. एकाच रायफलीच्या दोन रायफली. घोड्यावर एक छोटी कळ आहे, ती फिरवली की कुठल्या बॅरलसाठी कुठली पिन मारायची ते ठरतं.

केसमध्ये हिरव्या मखमलीचे दोन कप्पे. एकात ट्रिपल टू बॅरल, हरणांच्या शिकारीचं. दुसरा रिकामा. पॉइंट टूटूचं बॅरल नाहीच! नेमकं मला हवं ते. पुढचा स्क्रूसुद्धा गायब. बाकी रायफल आरशासारखी लख्ख. काकू म्हणाल्या, हे दर रविवारी तेल लावायचे. वापरायची नाही आणि तेल लावायचं, कमाल आहे.

आणि दस्ता! खांद्याला टेकायचा दस्ता माझ्या मापाचा! कुणीतरी तो दीड इंच कापून आखूड केलाय आणि कापलेला तुकडा केसमध्ये जपून ठेवलाय. फोटोतले डॉक्टर चांगले उंच दिसतात. त्यांचा मापाचा काहीतरी घोटाळा झाला असणार. माझ्या पथ्यावर पडला.

मी न राहवून विचारलंच, "काकू, मी घेतली तर?"

त्यांनी मखमलीच्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवलं. "आधी ते दुसरं बॅरल शोध. त्याशिवाय कशी घेशील?"

म्हणजे हो! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. अनुप म्हणाला, "बायका नेकलेस मागतात." पण हसत म्हणाला.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आम्ही दोघी मिस्टर हॉलिस यांच्या दुकानात गेलो. बेडफर्डच्या अलीकडच्या खेड्यात असतं, वर ते राहतात, खाली बंदुका. सत्तरीचे आहेत. त्यांनी रायफल मिटताना कान जवळ नेला, डॉक्टर छाती तपासतात तसा.

निकाल असा: आहे तशी अडीचशे पौंड. मूळ पॉइंट टूटू बॅरल मिळालं तर हजाराच्या वर. फ्रॉगॅटने अशा शंभर-सव्वाशेच केल्या आणि प्रत्येक बॅरल त्या-त्या रायफलीला हाताने घासून बसवलं. त्यामुळे बॅरलच्या पोटाखाली ८७ कोरलेलं असेल तेच हिला बसणार. दुसऱ्याचं चालणार नाही.

मग त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट बघितलं. त्यावर पॉइंट टूटूचं एक बॅरल "घेण्याची परवानगी" आहे, ९१ सालापासून. ९६ ला तीच, २००१ ला पुन्हा तीच. पंधरा वर्षं जागा मंजूर आणि भरलेली नाही. "पोलीस नेहमी विचारतात, लागत नसेल तर काढून टाकू का," हॉलिस म्हणाले. "यांनी दर वेळी ठेवायला लावलेली दिसते."

म्हणजे डॉक्टरांनी पंधरा वर्षं शोधलं आणि मिळालं नाही. किती दुर्मिळ असेल! मी काकूंना म्हटलं, काळजी करू नका, तेव्हा इंटरनेट नव्हतं. काकूंनी सर्टिफिकेट परत फोल्डरमध्ये ठेवलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

स्क्रू मिळाला!!

काकूंकडून ती पुढची लाकडी पकड मागून आणली आणि आठवडाभर चार दुकानांत तिच्यात चौदा स्क्रू लावून पाहिले. एकही धरेना. शेवटी जेफ म्हणाला, बर्मिंगहॅमचे कारागीर सायकलचे आटे वापरायचे, बंदूकवाल्यांना सोड आणि मोटरसायकलवाल्यांकडे जा. आज न्यूपोर्ट पॅग्नेलजवळच्या एका मैदानात जुन्या मोटरसायकलींच्या सुट्या भागांचा बाजार होता. बर्फाची भुरभुर, चिखल, सगळीकडे तेलकट हात. एका म्हाताऱ्याच्या बिस्किटाच्या डब्यात साडेतीनशे स्क्रू. मी उकिडवी बसून एकेक लावून बघितला. अनुप छत्री धरून उभा होता. सव्वा तासाने एक आत गेला तो फिरतच गेला, लोण्यात गेल्यासारखा. मी ओरडले. म्हाताऱ्याने वीस पेन्स घेतले आणि विचारलं, "कुठली गाडी आहे तुझी?"

संध्याकाळी काकूंकडे जाऊन लावला. "किती हुशार गं," म्हणाल्या, आणि लगेच, "बॅरलचं काय?" इतकी घाई कुणालाच नाही, मलासुद्धा.

५ मार्च, शनिवार

शूटिंगच्या मासिकात जाहिरात द्यायचं ठरलं. मी सुटसुटीत लिहून नेली: "हवं आहे: फ्रॉगॅट रायफलीचं पॉइंट टूटू बॅरल. चांगली किंमत."

काकूंनी पेन घेतलं. आधी ८७ नंबर घातला. मग "ओल्नीचे डॉ. के. देवस्थळी यांच्या रायफलीसाठी." मग त्याच्या पुढे "कैलासवासी", आणि तारीखसुद्धा, आठ जानेवारी.

मी म्हटलं, "काकू, हे नका घालू. मालक गेलाय कळलं की लोक भाव पाडतात. शिवाय शब्दागणिक पैसे आहेत."

"मी देते पैसे. तारीख राहू दे."

"मग फोन नंबर तुमचा घालू?"

"नको, नको." एकदम दोन्ही हात वर केले त्यांनी. "तुझा घाल. मला नाही जमायचं बोलायला."

इतकी वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यात रिसेप्शन सांभाळलेली बाई! दुःखात माणूस कसा होतो सांगता येत नाही. त्या म्हणाल्या तशीच दिली. जाहिरात कमी, शोकसंदेश जास्त वाटतो.

निघताना त्यांनी एक पाकीट दाखवलं. टार्गेटची जुनी कार्डं, बहुतेक शंभरपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव! कोपऱ्यात पेन्सिलीने "ए. डी.". म्हणजे ए डिव्हिजन, लीगचा सगळ्यात वरचा गट. डॉक्टर ए डिव्हिजनला खेळत होते तर. मी तसं म्हटलं, काकू कार्डं पाकिटात नीट लावत बसल्या.

१७ मार्च, गुरुवार

मासिक आलं. ऑफिसात मीटिंगमध्ये तीनदा फोन वाजला. कॉर्नवॉलचा एक जण ५२ नंबरचं बॅरल घ्या म्हणतो, कानशीने घासून बसवू म्हणे. दुसरा आख्खी रायफल शंभरात मागत होता. तिसऱ्याकडे बॅरल नव्हतंच, त्याला फक्त फ्रॉगॅटबद्दल बोलायचं होतं. चाळीस मिनिटं बोलला आणि मीही ऐकलं. मॅनेजरने विचारलं, घरी सगळं ठीक ना?

२२ मार्च, मंगळवार

सापडलं. ८७. सापडलं!

लंच ब्रेकमध्ये फोन आला. बाईचा आवाज, इंग्लिश, शांत. नाव ए. रॉस, स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसच्या पुढे राहते, जंगलखात्यासाठी हरणांचं काम करते. तिने आधी जाहिरातीतला नंबर मला परत म्हणायला लावला. मग तारीखही.

"कशाने गेले?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हार्ट. बॅरल विकणाऱ्याला कशाला हव्यात नसत्या चौकशा? घरातच का, त्रास झाला का, सगळं विचारलं. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग मी किंमत विचारली.

"बॅरल विकायचं नाही. मला रायफल हवी आहे. त्या म्हणतील ती किंमत."

मी गारच पडले. म्हटलं, रायफल मी घेणार आहे, ठरलंय. तर म्हणाली, "ठरवलं कुणी? मिसेस देवस्थळींनी स्वतः?" आणि नंबर देऊन फोन ठेवला.

२४ मार्च, गुरुवार

काकूंना सांगितलेलं नाही. काल त्यांचा फोन आला, "काही कळलं का गं?" आणि मी म्हटलं, "अजून नाही."

इथे खरं लिहायला हरकत नाही. मला ती रायफल हवी आहे. रॉसबाईंकडे अर्धा डझन असतील. मी महिनाभर चिखलात बसले, दस्ता माझ्या मापाचा आहे, काउंटीची निवड चाचणी जूनमध्ये आहे. मी थांबले तर १५ एप्रिल जवळ येईल, काकू घाबरतील, रायफल मला देऊन टाकतील, आणि मग नुसतं बॅरल ठेवून काय करायचं म्हणून रॉसबाई ते स्वतःच विकायला येतील. हे सगळं मी बसमध्ये बसून शिस्तीत जुळवलं. टेस्टिंगचा प्लॅन करते तसं.

अनुपला सांगितलं. तो भांडी लावत होता. म्हणाला, "काकूंची रायफल आहे ना? मग फोन पण काकूंचाच होता."

त्याच्याशी मी रात्रभर बोलले नाही. तो बरोबर होता म्हणून.

२६ मार्च, शनिवार

लिहायला कुठून सुरुवात करू?

सकाळी ओल्नीला गेले. काकू कणीक मळत होत्या. मी दारातच सांगून टाकलं की मंगळवारी फोन आला होता, ८७ नंबर मिळालाय, मी लपवलं, मला रायफल हवी होती म्हणून. त्या रागावतील अशी तयारी ठेवली होती.

काकूंनी पिठाचे हात तसेच धरून विचारलं, "आवाज कसा होता?"

"कुणाचा?"

"तिचा. बरी वाटली का? दमलेली वाटली?"

काकू खुर्चीवर बसल्या. "अरुणा," म्हणाल्या. "माझी मुलगी आहे ती. अरुणा देवस्थळी. रॉस असेल आता."

ए. डी.! आणि मी म्हणे ए डिव्हिजन! आपटावं डोकं भिंतीवर. दस्ता तिच्यासाठी कापला होता. पॉइंट टूटू बॅरल तिचं, ट्रिपल टू डॉक्टरांचं. बारा वर्षांची असल्यापासून बापलेक दर रविवारी जायचे, आळीपाळीने बॅरल बदलून एकच रायफल वापरायचे. नव्वद साली तिने मेडिकलचं तिसरं वर्ष सोडलं. म्हणाली मला माणसांत नाही, जंगलात काम करायचंय. घरात मोठं भांडण झालं. डॉक्टर म्हणाले, रायफल माझी आहे, ती इथेच राहील. ती म्हणाली, बॅरल माझ्या सर्टिफिकेटवर आहे. डायनिंग टेबलावर बॅरल काढलं आणि स्क्रूसकट घेऊन गेली.

"म्हणजे काका शोधत नव्हते," मी म्हटलं.

"तिची जागा ठेवली होती. दर पाच वर्षांनी फॉर्म भरताना मला वाचून दाखवायचे. पत्र मात्र लिहायचे नाहीत. दोघं सारखी."

मग मी पुन्हा म्हटलं, काकू, माझं चुकलं, चार दिवस लपवलं.

"मी तीन वर्षं लपवलंय," काकू म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वी अरुणाचा फोन आला होता. "बाबा आहे?" एवढंच विचारलं. डॉक्टर मागे बागेत गुलाब छाटत होते. काकूंनी सांगितलं, नाहीत. आणि त्यांना कधीच कळू दिलं नाही.

"बारा वर्षांनी फोन, आणि तोही बाबांसाठी. आई कशी आहेस, नाही. मला इतका राग आला गं. वाटलं, परत करेल, तेव्हा देईन. तिने परत केला नाही. नंबर पण बदलला. आणि हे गेले."

मी त्यांच्या हातावरचं पीठ पुसायला लागले.

काकूंना फोन करवेना, मीच लावला. मी मराठीत बोलले तशी पलीकडूनही मोडकंतोडकं मराठी. "आई रायफल विकतो, म्हणून मी बोलला. दुसऱ्याला दिला तर... तो बाबांची आहे." मी म्हटलं, आई विकत नाहीये, आई तुम्हाला शोधत होती. ती म्हणाली, "मी येतो. पोलिसला विचारून येतो."

आणि घरी जाताना ओल्नीचा पूल ओलांडायचा सोडून मी चुकून नॉर्थॅम्प्टनच्या रस्त्याला लागले.

४ एप्रिल, सोमवार

अरुणाच्या सर्टिफिकेटवर रायफलीची नोंद झाली. तिकडच्या ऑफिसरने ओळखीमुळे भरभर केलं. शनिवारी येते. काकू रोज तीन फोन करतात. तिला दूध चालतं का, ती अजून बारीक आहे का. मला काय माहीत! आणि दर वेळी शेवटी, "ते मी तिला सांगायलाच हवं का गं?" मी काय सांगणार? म्हटलं, मी चार दिवसांचं सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. काकू म्हणाल्या, तुला माफ करायला मी होते, मला करायला हे नाहीत.

९ एप्रिल, शनिवार

आज पाडवा. काकू श्रीखंडाचा डबा घेऊन बंदुकीच्या दुकानात आल्या. हॉलिस यांनी ड्रॉवर उघडून स्वतःचा चमचा काढला.

अरुणा साडेअकराला आली. रात्रीच्या गाडीने आली होती. छत्तीस वर्षांची, उंचीने माझ्याएवढीच, चिखलाचे बूट, खांद्यावर लांब कॅनव्हासची पिशवी. मायलेकी एकमेकींपासून चार हातांवर उभ्या राहिल्या. मिठी वगैरे काही नाही. अरुणा म्हणाली, "आई, तू छोटा झाली."

तिने काउंटरवर बॅरल ठेवलं. हॉलिस यांनी भिंग लावून नंबर बघितला आणि मान डोलावली. अरुणा स्क्रू काढायला वाकली तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब. ते बसवायच्या आधी ऐक."

आणि सांगितलं. फोन, बाग, गुलाब, सगळं. मध्ये रडल्या नाहीत, थांबल्या नाहीत. अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये, तिला एकही शब्द कळायचा राहू नये म्हणून.

अरुणाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि बाहेर गेली. काचेतून दिसत होती. समोरच्या भिंतीला टेकून उभी, पाठ आमच्याकडे. पाच मिनिटं, दहा, वीस. मला वाटलं ती तशीच स्टेशनला जाणार. काकू म्हणाल्या, "गेली तर बॅरल तिला पोचवशील ना? विसरून जाईल." हॉलिस नुसताच चष्मा पुसत होते.

दार वाजलं. अरुणा आत आली, डोळे लाल. काकूंकडे न बघता काउंटरशी उभी राहिली, ट्रिपल टू उतरवलं, पॉइंट टूटू चढवलं, पिन ढकलली. रायफल मिटली.

कडी लागल्याचा आवाजसुद्धा नाही. फक्त एक मऊ टक्. हॉलिस इतके खूश झाले की मोठ्यांदा म्हणाले, पूर्ण जोडी, चौदाशेच्या खाली द्यायची नाही! मी तो आकडा पुन्हा सांगितला. कुणी ऐकलंच नाही.

"मला ते माफ नाही करता येत, आई," अरुणा म्हणाली. "आज नाही." काकूंनी मान हलवली. "पण तू सांगितलं," ती म्हणाली. "बाबा कधी नाही सांगायचा काही."

दुपारी आमच्या रेंजवर गेलो. अरुणाने दहा गोळ्या मारल्या, सत्त्याण्णव. मग उठली आणि रायफल माझ्यापुढे धरली. "स्क्रू कुणी शोधला?"

"मी."

"मग दहा तुझे."

पालथी झाले. दस्ता खांद्यात असा बसला की मला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. पंधरा वर्षं न वापरलेली रायफल आणि माझा हात, एवढंच जगात होतं. एक्क्याण्णवच्या वर मी कधी गेले नव्हते. आज पंच्याण्णव! नागपूरच्या आमच्या एनसीसीच्या सुभेदारसाहेबांना फोन करावासा वाटला. त्या रायफलीमागे मी पुन्हा कधी पालथी पडणार नाही, हे माहीत असताना पंच्याण्णव. जेफने कार्ड मला दिलं. फ्रिजवर लावलंय.

अरुणा घरी आली नाही. काकूंनी विचारलं, ती म्हणाली, "आज नाही. आज हॉटेल." मग कागदपत्रांवर सही करताना मान खाली घालूनच म्हणाली, "मेमध्ये ये तू. तिकीट मी पाठवते." पाठवते, बरोबर म्हणाली या वेळी. रायफल घेऊन टॅक्सीत बसली आणि गेली. काच खाली केली, पण हात केला की नाही ते मला दिसलं नाही. काकू म्हणतात, केला.

मी काकूंना ओल्नीला सोडायला निघाले. चार चौक गेले तरी त्या मान खाली घालूनच बसल्या होत्या. मला वाटलं, रडताहेत. हळूच बघितलं तर त्या पर्समधली छोटी डायरी काढून मे महिन्याचं पान शोधत होत्या.

"आश्लेषा," त्या म्हणाल्या, "मेमध्ये तिकडे स्वेटर लागतो का गं?"

"लागतो, काकू. जाड लागतो."

"मग इथेच कुठेतरी थांब. दुकानं साडेपाचला बंद होतात."